सात मिनिटांचा दिवस

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे बाबा मूळचे नागपूरचे, आता अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतात. मुलगी सतरा वर्षांची, अल्पाइन स्की रेसर. ती सात वर्षांची असल्यापासून हिवाळ्यातल्या दर शनिवारी पहाटे साडेचारला यांची गाडी डोंगराच्या दिशेने निघायची. गेली दोन वर्षं ती घरापासून लांब, एका स्की अकॅडमीत राहून शिकते. प्रवास धरून वर्षाला ४५ हजार डॉलर लागतात, त्यासाठी घरावर कर्ज काढलं आहे. या फेब्रुवारीत जायंट स्लॅलमच्या, म्हणजे उतारावर रोवलेल्या गेटांमधून (काठ्यांच्या खुणांमधून) वळत खाली यायच्या, एका शर्यतीत ती पडली आणि डाव्या गुडघ्याचं एसीएल (सांध्यातला एक मुख्य अस्थिबंध) तुटलं. मार्चमध्ये ऑपरेशन झालं. आता महिनाअखेरपर्यंत अकॅडमीची पुढच्या वर्षाची आगाऊ फी भरायची आहे. आई म्हणते, बस झालं, आता अभ्यास. कोच म्हणतात, एक सीझन गेला की बाकीच्या मुली पुढे निघून जातील. नागपूरचे मोठे भाऊ म्हणतात, तिला भारताकडून उतरव, ऑलिंपिक पक्कं. आणि बाबा लिहितात, "मीच तिला पहिल्यांदा बर्फावर नेलं. थांबवलं तर तिचं स्वप्न मी मोडलं, नाही थांबवलं आणि पुन्हा पडली तरी दोष माझाच. काय करू?"

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि त्यात कोण कोण बोलतंय ते पाहिलं. वहिनी बोलतात, कोच बोलतात, नागपूरचे दादा बोलतात, तुम्ही तर भरभरून बोलला आहात. ज्या पोरीचा गुडघा आहे, ती मात्र एका ओळीपुरती येते: "ती काही बोलत नाही, खोलीत बसून जुन्या रेसचे व्हिडिओ बघत असते."

माझं मन त्या ओळीपाशी अडकलं. व्हिडिओ बघणारी मुलगी कदाचित परतायला आसुसलेली असेल. कदाचित ती मनातल्या मनात निरोप घेत असेल. किंवा पाय नेमका कुठल्या गेटला सुटला, हे शंभराव्यांदा तपासत असेल. दाराबाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. तुम्ही मला विचारताय की तिला थांबवू का. पण यांतलं तिचं कोणतं, हे अजून घरात कुणालाच ठाऊक नाही.

तुमच्या अपराधी भावनेबद्दल एवढंच सांगते. साडेचारच्या गजराला सात वर्षांचं लेकरू उचलून गाडीत टाकता येतं. पंधरा वर्षांची मुलगी स्वतःहून उठली नाही, तर तिला कुणी उठवू शकत नाही. ती उठत होती. तुम्ही तिला डोंगर दाखवलात, पुढची वाट तिने स्वतः धरली. तिचा गुडघा तुम्ही मोडला असं म्हणणं तिच्यावरही अन्याय करणारं आहे, कारण मग त्या दहा वर्षांत तिचं काहीच नव्हतं असा अर्थ होतो.

आता त्या "आता नाही तर कधीच नाही"कडे वळू. हे वाक्य तुमच्या पत्रात तीन वेळा आलंय आणि सगळी घाई तिथूनच येते. अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनचं उदाहरण तुम्ही दिलंय: सतराव्या वर्षी वर्ल्ड कपमधली (दर हिवाळ्यात चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेतली) पहिली शर्यत जिंकली, अठराव्या वर्षी सोचीत ऑलिंपिक सुवर्ण. खरं आहे. पण शंभराहून जास्त वर्ल्ड कप शर्यती जिंकलेली ती एकटीच आहे, पुरुषांतही तसं दुसरं कुणी नाही. सचिनने सोळाव्या वर्षी कसोटी खेळली म्हणून विसाव्या वर्षी रणजीत येणाऱ्याला आपण उशीर झाला म्हणतो का?

मी तुम्हाला पॉला मोल्झनबद्दल सांगते. मिनेसोटातली मुलगी, जेमतेम शंभर मीटर उंचीच्या टेकडीवर शिकलेली. २०१५ साली ती स्लॅलममध्ये (गेटं आणखी जवळजवळ असलेल्या प्रकारात) ज्युनिअर विश्वविजेती झाली आणि त्यानंतर वर्षभरातच तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून वगळलं. "कधीच नाही" म्हणायचं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं. ती व्हरमाँट विद्यापीठात शिकायला गेली, कॉलेजच्या टीमकडून शर्यती करत राहिली, २०१७ मध्ये स्लॅलमची कॉलेज विजेती झाली. शिकता शिकताच २०१८ मध्ये वर्ल्ड कपला परतली. २०२५ च्या फेब्रुवारीत, ऑस्ट्रियात साल्बाखच्या जागतिक स्पर्धेत, तिने जायंट स्लॅलमचं कांस्य मिळवलं. तेव्हा ती तीस वर्षांची होती. आणि त्याच शर्यतीत सुवर्ण मिळवणारी इटलीची फेडेरिका ब्रिन्योने चौतीस. म्हणजे तुमच्या लेकीच्याच प्रकारात जगातली सर्वांत वेगवान बाई तिच्या दुप्पट वयाची होती.

हे सांगून मी तुम्हाला आशा विकत नाहीये. ब्रिन्योनेचं पुढचंही सांगायला हवं: त्याच मोसमाच्या शेवटी, एप्रिलमध्ये, तिचा पाय मोडला. आणि मोल्झनसारख्या परतणाऱ्या फार थोड्या असतात. मला एवढंच म्हणायचंय की या खेळात एका मोसमाने दार बंद होत नाही. कोचना एक गोष्ट जरूर विचारा, तिच्या दुखापतीची नोंद आंतरराष्ट्रीय स्की महासंघाकडे केली आहे का? वैद्यकीय कागदपत्रांसह वेळेत अर्ज केला, तर तिचे फिस पॉइंट्स, म्हणजे महासंघाच्या क्रमवारीचे गुण, बऱ्याच अंशी राखता येतात. हे पॉइंट्स जितके कमी तितकं चांगलं, आणि स्टार्टचा नंबर त्यांवर ठरतो. उशिरा सुटणाऱ्या मुलीला आधीच्या पन्नासजणींनी उकरून ठेवलेल्या खड्ड्यांतून उतरावं लागतं. ते पॉइंट्स राखणं हे आत्ताचं खरं तातडीचं काम आहे, फी भरणं नव्हे.

"करिअर" हा शब्द तुम्ही ज्या अर्थाने वापरता, त्याबद्दलही बोलू. वर्ल्ड कपच्या स्लॅलम-जायंट स्लॅलममध्ये पहिल्या रननंतर (उतरायच्या पहिल्या फेरीनंतर) फक्त तीसजणी दुसऱ्या रनला जातात. बाकीच्या बॅग भरतात. गुणही पहिल्या तिसांनाच, पहिलीला १००, तिसावीला १. अख्ख्या जगातून तीस. सतराव्या वर्षी चांगल्या अकॅडमीत असलेल्या बहुतेक मुली तिथवर पोचत नाहीत, आणि त्यांत कष्टाची कमतरता असते असं मुळीच नाही. म्हणून "यातून पुढे पोट भरेल का" हा प्रश्न असेल, तर उत्तर बहुधा नाही असंच धरून चाला. पण घरात आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो कुणीच विचारलेला दिसत नाही.

माझी भाची ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये वाढली, माझी बहीण लग्न करून तिकडेच गेली. भाची रेस करायची तेव्हा एका जानेवारीत मी पंधरा दिवस त्यांच्याकडे होते. रेसच्या आदल्या रात्री ती तळघरात स्की घेऊन बसायची. खाली उतरलं की गरम मेणाचा वास यायचा. कानस घेऊन ती कडा घासायची, मग अंगठ्याचं नख कडेवरून हलकेच ओढायची. नखाचा पांढरा भुगा निघाला की कड लागली. चार स्की, आठ कडा, दीड तास. पहाटे अंधारात निघायचं. वर पोचल्यावर कोर्स पाहणी. सगळ्या मुली गेटांच्या कडेकडेने घसरत उतरायच्या, मध्येच थांबून डोळे मिटायच्या आणि हाताचा पंजा हवेत डावी-उजवीकडे वळवत अख्खा कोर्स पाठ करायच्या, आपण शाळेत पाढे म्हणायचो तसा. मग थंडीत वाट बघणं. मग पन्नासेक सेकंद. त्या दिवशी ती चौथ्या गेटला बाहेर गेली. रात्रीपासूनच्या त्या सगळ्या खटाटोपातले पाच-सहा सेकंद तिच्या वाट्याला आले.

सरावाच्या दिवशीही हिशेब फार वेगळा नसतो. एक रन चाळीस ते साठ सेकंदांचा, दिवसाला सात-आठ रन. म्हणजे गेटांमधून प्रत्यक्ष उतरणं जेमतेम सात मिनिटं. उरलेला दिवस लिफ्टमध्ये, गेटं खांद्यावर वाहण्यात, घसरून उखडलेला कोर्स सपाट करण्यात, जिममध्ये, व्हिडिओ बघण्यात आणि मेण लावण्यात जातो. स्की रेसरचं आयुष्य म्हणजे तो उरलेला दिवस. ज्या मुलीला तो दिवस आवडतो, तिने पदक न मिळवताही काही गमावलेलं नसतं. जिला फक्त ती सात मिनिटं आवडतात, ती विसाव्या वर्षी थकते. आणि जिला तीही आवडेनाशी झालीत पण घरच्यांच्या कर्जाकडे बघून ती बोलत नाही, तिची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

माझ्या भाचीने एकोणिसाव्या वर्षी खेळ सोडला. बऱ्याच वर्षांनी ती मला म्हणाली, "मावशी, मी खाली आले की आई आधी वेळेच्या बोर्डाकडे बघायची, मग माझ्याकडे." बहिणीला हे अजूनही माहीत नाही. ती वाईट आई नव्हती, तिने हाडाची काडं केली त्या पोरीसाठी. तुम्हाला सांगावंसं वाटलं.

वहिनींची भीती अवाजवी नाही, तिला "आईचं मन" म्हणून बाजूला सारू नका. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इटलीच्या संघातली एकोणीस वर्षांची मतिल्दे लोरेंझी सरावात पडून दगावली, २०२५ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सची अठरा वर्षांची मार्गो सिमाँ. दोघीही सरावात. वर्ल्ड कपच्या डाउनहिल आणि सुपर-जी या जास्त वेगाच्या प्रकारांत २०२४-२५ पासून एअरबॅग सक्तीची झाली, जाळ्या वाढल्या, तरी हा खेळ धोक्याचा आहे. मुलगी परतणार असेल, तर अकॅडमीला काही गोष्टी थेट विचारायचा हक्क तुम्हाला आहे. सरावाच्या उताराच्या कडेला जाळ्या कोण लावतं? डोंगरावर वैद्यकीय मदत किती वेळात पोचते? शेवटचा रन थकलेल्या मुलींना कोण घ्यायला लावतं, कोण थांबवतं? ही माहिती त्यांच्या चकचकीत माहितीपत्रकात नसते. आणि हे प्रश्न वहिनींनीच विचारावेत. भीतीला काम मिळालं की ती थोडी कमी होते.

गुडघ्याचं म्हणाल तर निदान त्यात वाद नसावा. नऊ महिन्यांच्या आत खेळात परतणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, आणि तरुण वयात तर अधिकच. मार्चचं ऑपरेशन म्हणजे डिसेंबर उजाडेल. तेही कॅलेंडर बघून नव्हे, दोन्ही पायांची ताकद, उडी, तोल यांच्या चाचण्या पास झाल्यावर. मनाचंही तसंच. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या किलिंग्टनच्या शर्यतीत पडल्यावर शिफ्रिनसारख्या शिफ्रिनने जखम भरल्यावरही जायंट स्लॅलमची भीती जात नाही, हे उघडपणे सांगितलं. तुमची लेक घाबरलेली असेल आणि ते सांगायची तिला लाज वाटत असेल, तर खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे चार-पाच बैठका घ्या. फिजिओइतकंच ते गरजेचं आहे.

मग महिनाअखेरची फी? माझं स्पष्ट मत: भरू नका, पण दारही लावू नका. अकॅडमीला पत्र लिहा की मुलगी दुखापतीतून सावरते आहे, जागा जानेवारीपर्यंत किंवा पुढच्या वर्षापर्यंत राखता येईल का. बऱ्याच ठिकाणी ऐकतात. जी अकॅडमी जखमी मुलीची जागा राखत नाही, तिच्याबद्दलही त्यातून काही कळेलच. तोवर तिने घरी राहावं, जवळच्या शाळेत जावं, डेन्व्हरमध्ये फिजिओ करावा, आईच्या हातचं खावं. ज्या मुलीला डिसेंबरपर्यंत गेटांतून उतरताच येणार नाही, तिने बर्फाच्या पायथ्याशी राहून मैत्रिणींना वर जाताना बघत बसावं यासाठी एवढे पैसे कशाला?

पैशाचं आणखी एक. "इतका पैसा घातला, आता मागे कसं फिरायचं" असं तुम्ही लिहिलंय. जो गेला तो गेला. त्यातून तिची दहा वर्षं झाली आणि ती वसूल झालेली आहेत. इथून पुढे कर्ज किती काढायचं याचा आकडा तुम्ही दोघांनी आधी आपापसात ठरवा आणि मग तो तिला सांगा. लपवू नका. सतराव्या वर्षी तिला तो पेलेल. कर्जाचा अंदाज तिला असणारच, फक्त खरा आकडा माहीत नसल्याने ती तो मनात वाढवून धरून बसली असेल.

अभ्यास की रेस, हे भांडण तर तुमच्या शहरात निम्मं सुटलेलं आहे. अमेरिकेत कॉलेजच्या स्की टीम असतात, आणि डेन्व्हर विद्यापीठाने कॉलेज स्कीइंगची राष्ट्रीय विजेतेपदं सर्वांत जास्त वेळा जिंकली आहेत. बोल्डरचं कोलोराडो विद्यापीठही तिथून जवळ. ही सोपी वाट नाही. टीममध्ये मुलींच्या जागा मोजक्या, युरोपातून वयाने मोठ्या, तयार रेसर तिथे येतात, आणि डार्टमथ, मिडलबरीसारख्या ठिकाणी खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही. तरी कॉलेजच्या कोचना ईमेल लिहायला काय हरकत आहे? तिनेच लिहू दे, तुम्ही नव्हे. ती लिहिते की टाळते, एवढ्यावरूनही पुष्कळ समजेल. प्रवेशाच्या वयाचे आणि शिक्षणात पडणाऱ्या खंडाचे नियम बदलत असतात, ते त्या त्या विद्यापीठालाच विचारा.

आता दादांचा सल्ला. तो प्रेमाने दिलेला आहे, पण त्यात दोन चुका आहेत आणि परदेशातल्या पुष्कळ मराठी घरांत त्या होतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली कायद्याची. तुमची लेक अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकन नागरिक, तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे. ओसीआय कार्डावर भारताकडून खेळता येत नाही. २००८ पासून सरकारचं धोरण आहे की भारतीय पासपोर्टच हवा. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. लुकास पिन्हेरो ब्राथेनचं नाव दादांनी घेतलंय. तो नॉर्वेकडून खेळायचा, २०२३ मध्ये निवृत्ती जाहीर केली, मग आईच्या देशाकडून, ब्राझीलकडून, परत आला. पण त्याला त्यासाठी नॉर्वेचं नागरिकत्व सोडावं लागलं नाही. तुमच्या मुलीला अमेरिकेचं नागरिकत्व सोडावं लागेल, भारतात राहून अर्ज करावा लागेल. सतराव्या वर्षी, एका न भरलेल्या गुडघ्यावर, असा निर्णय घ्यायचा नसतो.

दुसरी चूक "पक्कं" या शब्दात आहे. १९८८ मध्ये कॅल्गरीला शैलजा कुमार स्लॅलममध्ये अठ्ठाविसावी आली, हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय स्त्री. मनालीजवळच्या बुरुआची आंचल ठाकूर २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्य जिंकली, स्कीइंगमध्ये भारताचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक होतं. गुलमर्गच्या पायथ्याशी वाढलेल्या आरिफ खानची २०१८ ची ऑलिंपिकची संधी पैशाअभावी गेली. पुढच्या वेळी पात्रतेसाठी त्याने लग्न पुढे ढकललं, आणि २०२२ मध्ये बीजिंगला भारताचा तो एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा. ही माणसं कसल्या अडचणींतून तिथे पोचली ते बघितलं, की "तिकडून सहज मिळेल" हे बोलायला जीभ रेटत नाही. भारतासाठी उतरावंसं तिला स्वतःला कधी आतून वाटलं, तर मी तिच्या पाठीशी उभी राहीन. सोपी जागा म्हणून नको.

शेवटी, तिच्याशी बोलायचं कसं. जेवणाच्या टेबलावर तिघांनी बसून नको, ती सभा होते. गाडीत बोला. दहा वर्षं तुम्ही दोघं त्याच आय-सेव्हंटी महामार्गावरून, आयझेनहॉवर बोगद्यातून गेला आहात. तुमची बोलायची जागा तीच आहे. "परत जायचंय का?" हे विचारू नका, त्याला हो किंवा नाही इतकंच उत्तर आहे आणि दोन्ही तिला जड जातील. विचारा, "अकॅडमीतला कुठला दिवस तुला आठवतो?" मग गप्प बसा, कितीही वेळ लागला तरी. ती रेसचा दिवस सांगते, सरावाचा सांगते, की मैत्रिणींसोबत मेण लावत बसलेल्या रात्रीचं, ते ऐका. आणि एक वाक्य तिला स्पष्ट सांगून ठेवा: डिसेंबरमध्ये डॉक्टरांनी हो म्हटल्यावर निर्णय तुझा, पैशांची मर्यादा आमची, आणि तू नाही म्हणालीस तरी कर्जाचा विषय तुझ्यासमोर पुन्हा निघणार नाही. हे वाक्य वहिनींसमोर, दोघांनी मिळून बोलायचं.

डिसेंबरच्या सुरुवातीला बीव्हर क्रीकला बहुतेक वर्षी पुरुषांचा वर्ल्ड कप असतो, तुमच्यापासून दोनेक तासांवर. यंदा असेल तर तिघं मिळून जा, नुसते प्रेक्षक म्हणून. चहाचा थर्मास आणि दशम्या घ्या. खाली फिनिशपाशी उभे राहा. रेसर खाली येईल तेव्हा सगळे बोर्डाकडे बघतील. तुम्ही दोघं तिच्याकडे बघा.